पोपट कोणी पाळावा?

पोपट पाळायचा तर कोणता पाळावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. दुकानदार त्याचा निकाल तीन-चार प्रश्नांत लावतो : लहान हवा की मोठा, बोलणारा हवा की नुसता शोभेचा, हिरवा हवा की पांढरा-पिवळा, आणि खर्च किती करायचा. एवढे ठरले की पिंजऱ्यासह पक्षी हाती येतो. आंबे निवडताना आपण याहून अधिक वेळ घेतो. परंतु आंब्याची पेटी आठ दिवसांत संपते. पोपट वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षे राहतो. जी निवड इतका दीर्घ काळ एका सजीवाला आणि एका घराला परस्परांशी बांधून ठेवते, तिला केवळ आवडीनिवडीचा विषय म्हणता येईल का? माझ्या मते तो कर्तव्याचा प्रश्न आहे आणि त्याच नात्याने त्याचा विचार व्हावयास हवा.

वेदान्तग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आपल्याकडे आहे. सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त ही चार अंगे ज्या क्रमाने येतात तो क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : प्रथम अधिकारी, मग विषय, मग संबंध आणि शेवटी प्रयोजन. ग्रंथात काय आहे हे सांगण्यापूर्वी तो कोणी वाचावा हे सांगितले जाते. बाजाराचा क्रम याच्या नेमका उलट असतो. तेथे विषय आधी दाखवला जातो, प्रयोजन चटकन जोडून दिले जाते, संबंधाचा उल्लेख नसतो आणि अधिकाऱ्याची चौकशी तर कोणीच करीत नाही; पैसे देणारा तो अधिकारी. पोपटाची निवड चुकते ती बहुधा या उलट्या क्रमामुळे. तरीही विवेचनाच्या सोयीसाठी आपण बाजाराच्याच वाटेने निघू आणि अधिकाऱ्यापर्यंत पोहोचू.

विषय म्हणजे प्रत्यक्ष पक्षी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या जुन्या घरांना पोपट नवखा नाही. ओसरीच्या कडीला टांगलेला पिंजरा, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारा राघू हे वाड्यातल्या दिनक्रमाचेच अंग होते. हा राघू म्हणजे गळ्याभोवती गुलाबी-काळी कडी असलेला आपला नेहमीचा हिरवा पोपट. त्याहून मोठा, खांद्यावर लाल पट्टा असलेला तो पहाडी पोपट. पाश्चात्त्यांनी त्याला सिकंदराचे नाव दिले आहे. 'पाळायला योग्य पोपट कोणता' असे विचारले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे हेच दोन उभे राहतात. नेमके हेच दोन आज यादीतून प्रथम वगळले पाहिजेत.

याचे एक कारण कायद्याचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय पोपटांना संरक्षण दिले आणि १९९०-९१ पासून भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने तो कायदा अधिक कडक झाला. तेव्हा रस्त्याच्या कडेला टोपलीत झाकून विकला जाणारा हिरवा पोपट हा गुन्ह्याचा माल आहे. तो घेणे आणि घरी ठेवणे हाही गुन्हाच. परंतु कायदा नसता तरी निर्णय निराळा होऊ नये. हा पोपट झाडाच्या ढोलीत घरटे करतो. व्यापारासाठी हवी असतात ती पिल्ले, कारण माणसाळतात ती पिल्लेच. ती ढोलीतून पंख फुटण्याआधी काढली जातात आणि ढोलीपासून बाजारापर्यंतच्या वाटेत जी मरतात त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. नराच्या गळ्यातली कडी उमटायला सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणजे 'बोलका नर' म्हणून खात्रीने विकले जाणारे पिल्लू नर आहे की मादी हे विकणाऱ्याला डोळ्यांनी सांगता येत नाही. फसवणुकीवर चाललेला हा धंदा आहे आणि तिची किंमत आधी पक्षी मोजतो, मग आपण.

येथे कोणी म्हणेल, मग आमच्या आजोबा-पणजोबांनी केले ते पाप होते काय? त्या पिढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे प्रयोजन नाही. गावाबाहेर जुनी झाडे होती, झाडांत ढोली होत्या, आणि एका घरात एक राघू असल्याने रान ओस पडत नव्हते. पक्ष्याच्या मनाविषयी आज जे माहीत झाले आहे ते तेव्हा माहीत नव्हते. मात्र पूर्वजांचे वाडे आणि भांडी वारशाने मिळतात तसे त्यांचे अज्ञान मिळत नाही. आपल्याला ठाऊक झाले आहे, आणि ठाऊक झाल्यानंतरची निवड ही आपली स्वतःची असते.

उरतात ते परदेशी पोपट. त्यांत आपल्याकडे 'लव्हबर्ड' या चुकीच्या नावाने विकले जाणारे बजरीगर, तुरेवाले कॉकाटील, आफ्रिकेतले खरे लव्हबर्ड, राखाडी आफ्रिकन पोपट, मकाव आणि काकाकुवा असा मोठा पसारा आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्डने १८४० साली तो इंग्लंडात जिवंत नेला आणि तेव्हापासून त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या माणसाच्या हाताखाली जन्मल्या. त्याचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे. कॉकाटीलचे पंधरा-वीस वर्षांचे. उलट आफ्रिकन राखाडी पोपट चाळीस-पन्नास वर्षे सहज जगू शकतो. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला 'कुकी' नावाचा काकाकुवा २०१६ साली मेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. राखाडी पोपटाची रानातील लूट इतकी झाली की २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या परिषदेने त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातले. आपल्याकडेही २०२४ च्या नियमांनी या कराराच्या याद्यांतील परदेशी प्राणी-पक्षी बाळगणाऱ्याला त्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक केले आहे. बजरीगर आणि कॉकाटील त्या याद्यांत नाहीत. म्हणून नुसता विषयाचाच विचार केला तर उत्तर सोपे आहे : पाळायचाच असेल तर बजरीगरांची जोडी किंवा कॉकाटील, पिंजऱ्यातच जन्मलेला, डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, पिसे अंगाशी चपखल बसलेली आणि माणूस जवळ येताच कोपऱ्यात थरथरत न बसणारा.

येथे थांबता आले असते. परंतु इतके नीट निवडलेले पक्षीही घराघरांतून दुःखी दिसतात. तेव्हा विचार पुढे न्यायला हवा.

आता प्रयोजन. पोपट कशासाठी पाळायचा? शंभरातले बहुतेक लोक उत्तर देतील, बोलण्यासाठी. ही हौस जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनांना बोलायला शिकवण्याची कला गणली आहे. शंकराचार्यांच्या परंपरागत चरित्रात त्यांना मंडनमिश्रांचे घर विचारावे लागते तेव्हा पाणी भरणाऱ्या दासी सांगतात की, ज्या दारात पिंजऱ्यातल्या मैना-पोपट वेदांच्या प्रामाण्यावर आणि जगाच्या नित्यत्वावर वाद घालताना ऐकू येतील ते पंडितांचे घर. हे घर माहिष्मतीत होते म्हणतात, आणि अनेकांच्या मते ती माहिष्मती म्हणजे आपल्या इंदूरजवळचे, अहिल्याबाईंचे महेश्वर. कथा वाचताना सगळ्यांचे लक्ष पंडिताच्या थोरवीकडे जाते. जग नित्य की अनित्य याची चर्चा करणारे ते पक्षी स्वतः कोंडलेले आहेत, याकडे सहसा जात नाही.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस इराणी दरबारात असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारताविषयी ऐकीव माहिती लिहून ठेवली. त्यात हा पक्षी भारतीयांच्या भाषेत माणसासारखा बोलतो आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलतो, असे त्याने नोंदवले आहे. ज्या घरात ठेवाल त्या घरची भाषा तो उचलतो, हे त्याचे पहिले वर्णन. आपल्यासारख्या, बाहेर हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू आणि उंबऱ्याच्या आत मराठी अशा दोन भाषांत वावरणाऱ्या घराण्यांना यातली गोडी निराळी सांगायला नको. ओसरीवरच्या राघूने 'या, बसा' म्हणावे यात आपली बोली जपली गेल्याचे समाधान होते. पण आज मनाशी एक प्रश्न विचारावा. नातवंडे ज्या घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देतात, त्या घरात पोपटाला मराठी शिकवून आपण कोणाची उणीव भरून काढू पाहतो? पक्ष्याकडून आपल्याला सोबत हवी आहे की प्रतिध्वनी?

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पोपटाच्या बाजूने ते बोलणे प्रतिध्वनी नसते. 'पोपटपंची' हा शब्द वापरून आपण त्याच्यावर अन्याय करतो. रानात पोपट थव्याने राहतो आणि आपल्या जोडीदाराच्या व थव्याच्या हाका ऐकून शिकतो. त्या हाकांनी तो दूरच्या सोबत्याशी संधान ठेवतो. पिंजऱ्यात त्याला थवा म्हणून आपण मिळतो. तो आपला शब्द उच्चारतो तेव्हा तो करमणूक करीत नसतो. 'मी तुमच्यातला आहे, तुम्ही कोठे आहात?' असे विचारीत असतो. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर बोलावे म्हणून ज्याला शिकवले आणि मग दिवसभर कुलूपबंद घरात एकटे ठेवले, त्याची ती हाक निरुत्तर राहते. काही पोपट अशा स्थितीत स्वतःची पिसे उपटू लागतात. दुखण्याखेरीज एकटेपणा आणि कंटाळा ही त्याची जाणकारांनी मानलेली कारणे आहेत.

निवडीच्या दृष्टीने ॲलेक्सची हकीकत मला फार बोधप्रद वाटते. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषींनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून सुमारे एक वर्षाचा राखाडी आफ्रिकन पोपट घेतला. पुढे त्या ॲलेक्सने शंभराहून अधिक शब्द आत्मसात केले. रंग, आकार, पदार्थ ओळखून विचारलेल्या प्रश्नाला सार्थ उत्तर देणे, सहापर्यंत मोजणे एवढी मजल त्याने मारली. २००७ मध्ये, ३१ व्या वर्षी तो मेला तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. परंतु पेपरबर्ग यांनी तो निवडलाच नव्हता. मुद्दाम हुशार पक्षी घेतला असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून त्यांनी दुकानातल्या माणसालाच कोणताही एक काढून द्यायला सांगितले होते. म्हणजे आजवरचा सर्वांत नामांकित पोपट हा निवडीवाचून आलेला पोपट होता. त्याला ॲलेक्स केले ते पुढच्या तीस वर्षांतल्या रोजच्या सहवासाने. यावरून कोणी आपणही राखाडी पोपट घ्यावा असे अनुमान काढू नये. जातीचा विचार सोडावा असेही नाही. अनुमान इतकेच की, पक्ष्यातल्या गुणांचा शोध आपण घेतो तितका आपल्या दिवसातल्या तासांचा घेत नाही.

संबंधाचा विचार करताना शुकनलिकेचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तो आला आहे. पारध्याने बांधलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, पोपट उलटा होतो आणि आपण बांधले गेलो या भ्रमाने ती अधिकच घट्ट धरतो. पाय मोकळे असूनही तो सुटत नाही. माउलींची दृष्टी जीवावर आहे, त्यामुळे पारधी त्या चित्रात मागे राहतो. आपल्या प्रश्नात मात्र पारधीच पुढे येतो. ती नळी कोणीतरी बांधली होती, आणि पोपटाने ती धरावी हे ओळखूनच बांधली होती. पाळीव पोपटाचेही असेच आहे. काही काळाने दार उघडे ठेवले तरी तो जात नाही, आणि आपण कौतुकाने सांगतो, 'पाहा, किती माया आहे!' माया असेलही. पण जाण्याची शक्यता ज्याच्यापासून आपणच काढून घेतली, त्याच्या राहण्याला संमती म्हणणे धाडसाचे आहे.

मग सगळे पिंजरे उघडून टाकावेत काय? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली एका प्रकरणात पक्ष्यांना मोकळ्या आकाशात उडण्याचा हक्क आहे असे मत व्यक्त केले, तेव्हा अनेकांना तसेच वाटले. तत्त्व म्हणून ते मत उन्नत आहे. पण जो हातावर वाढला, ज्याला अन्न शोधणे आणि ससाण्यापासून लपणे कोणी शिकवले नाही, तो कॉकाटील गच्चीवरून सोडला तर संध्याकाळपर्यंत कावळे त्याचा निकाल लावतात. पर्वणीला पक्षी विकत घेऊन सोडण्याच्या पुण्याचे गणितही असेच फसवे आहे. सुटलेल्याची रिकामी जागा दुसऱ्या दिवशी नव्या पक्ष्याने भरते आणि आपण दिलेला पैसा पारध्याकडे जातो. एकदा बंधन निर्माण केले की ते तोडणे हा नेहमीच त्यावरचा उपाय नसतो. कित्येकदा ते निभावणे हाच धर्म उरतो. घरात भारतीय पोपट आधीपासून असेल तर त्याला उडवून न देता वनविभागाच्या किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राच्या स्वाधीन करणे योग्य, ते याचसाठी.

निभावणे म्हणजे काय याचा आदर्श महाभारताने एका पोपटाच्याच रूपाने ठेवला आहे. अनुशासनपर्वात कथा आहे. व्याधाचा विषारी बाण चुकून एका मोठ्या वृक्षाला लागतो आणि वृक्ष वाळू लागतो. इतर पक्षी उडून जातात. ढोलीतला एक पोपट मात्र जात नाही. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन विचारतो, हिरवी झाडे असताना या वठलेल्या खोडाला का धरून बसलास? पोपट सांगतो की, येथेच मी जन्मलो, वाढलो, याने माझे रक्षण केले. समर्थ होता तेव्हा आश्रय घेतला आणि आता सोडून जाऊ? प्रसन्न झालेल्या इंद्राकडे तो वर मागतो तो वृक्षासाठी. कथाकाराने निष्ठेसाठी नेमका हाच पक्षी घेतला हे योगायोगाने असो वा निरीक्षणाने; पोपट जोडीदाराला आणि थव्याला धरून राहणारा आहे, आणि घरात आला की बहुधा एका माणसाला तो आपला वृक्ष मानतो. आपण त्याला निवडतो ते एका दुपारी. तो आपल्याला निवडतो ते आयुष्यासाठी.

म्हणून शेवटचा, खरे तर पहिला प्रश्न अधिकाऱ्याचा. पोपट कोणी पाळावा? ज्याच्या घरात दिवसाचे काही तास कोणीतरी असते; जो त्याला नुसत्या गोल शोभेच्या पिंजऱ्यात न ठेवता पंख पूर्ण पसरता येतील अशी रुंद जागा देईल; रोज बंद खोलीत उडू देईल; रात्री दूरदर्शनच्या गोंगाटापासून दूर, दहा-बारा तासांचा काळोख देईल; पंख छाटणार नाही. ज्याला ठाऊक आहे की नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवणे हे लाड नव्हेत, चॉकलेट आणि ॲव्होकाडो त्याला विष आहेत, आणि निर्लेप तवा फार तापला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षीही मरू शकतो. या अटी कडक वाटतात. पण त्या पाळता येण्याजोग्या आहेत. सर्वांत अवघड अट काळाची आहे.

आपल्या घराण्यांची आजची स्थिती कोणापासून लपलेली नाही. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. मोठ्या घरात दोघे, कधी एकच. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींना सोबत म्हणून मुलगा परदेशातून पैसे पाठवून पोपट आणवतो. हेतू प्रेमाचा आहे, आणि सोबतीची गरज खरी आहे. तिला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण मोठा, दीर्घायुषी पोपट आणला तर साधे गणित सांगते की पक्षी मागे राहणार. त्या दिवशी अंत्यविधीला आलेल्या नातेवाइकांत दागिन्यांचे काय, घराचे काय, याची चर्चा होईल आणि पिंजऱ्यातला जीव ज्याला कोणी मागत नाही अशी एकमेव मालमत्ता ठरेल. ज्या आवाजाची तो वाट पाहतो तो आवाज आता येणार नाही, हे त्याला कोण समजावणार?

म्हणून वृद्धांनी पोपट पाळूच नये, असा निष्कर्ष मी काढीत नाही. एकटेपणाच्या औषधाला वयाची अट घालणे क्रूरपणाचे होईल. बजरीगरांची जोडी त्यांच्यासाठी उत्तम. आयुष्य बेताचे, एकमेकांची सोबत असलेली, आणि आपण तासभर बाहेर गेलो तरी निरुत्तर न राहणारी. याहूनही चांगली निवड एक आहे, जी दुकानात मिळत नाही : ज्याचा माणूस आधीच गेला आहे किंवा घर मोडले आहे असा प्रौढ, परदेशी जातीचा, कागदपत्रे असलेला पोपट. तो कदाचित बोलणार नाही, किंवा दुसऱ्याच कोणाचे नाव घेत राहील. त्याचे पिल्लूपण आपल्याला मिळणार नाही. परंतु त्याच्यामुळे एकही नवा पक्षी पिंजऱ्यात येत नाही, आणि एका निराश्रिताला वृक्ष मिळतो. 'योग्य पोपट' या शब्दांना माझ्या मते सर्वांत जवळ जाणारा तोच.

आणि कोणताही पोपट घेण्यापूर्वी एक काम करावे. आपल्यानंतर तो कोण सांभाळील त्या व्यक्तीचे नाव ठरवावे, तिला विचारावे, तिचा स्पष्ट होकार घ्यावा आणि मृत्युपत्र करणार असाल तर त्यात तसे लिहावे. होकार देणारे कोणीच सापडले नाही, तर दुकानाकडे जाऊ नये. त्याऐवजी अंगणात पेरू लावावा, अंगण नसेल तर गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवावे, आणि सकाळी येणारे हिरवे थवे दुरून पाहावेत.